ओटीपी कोणाला सांगू नका म्हणता, मग वाचणार कोण?

मा. संपादक,
स. न.

शिरोडा-वेंगुर्ला भागात मी तेहतीस वर्षे टपाल वाटले. मुंबईची मनीऑर्डर आली की म्हातारी सोबतचे पत्र पुढे करायची, "पोस्टमनांनू, झिलान काय लिवल्यान हा?" ओटीवर टेकून मी वाचून दाखवायचो. कोणाच्या डोक्यावर किती कर्ज, कोणाची गिरणी बंद पडली, सगळे कळायचे आणि पोटातच राहायचे.

काचबिंदूने माझे दोन्ही डोळे गेले. तरी वाचायला माणूस लागतोच असे नाही. फोनमधला टॉकबॅक पडद्यावरचे वाचून बोलतो, लॅपटॉपवर पुतण्याने तसेच वाचणारे एनव्हीडीए घालून दिले आहे, तेही फुकट. अडते ते समोरचे पान नीट बांधलेले नसते म्हणून.

गेल्या महिन्यात माझे निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या बँकेचा संदेश आला, केवायसी नव्याने करा. घरात रेंज नाही, म्हणून खळ्यात खुर्ची टाकली. पान उघडले तर फोन म्हणतो, "बटण. बटण. नाव नसलेले बटण." पुढे लिहायच्या चौकटी, पण कुठली नावाची, कुठली जन्मतारखेची, पत्ता नाही. पत्ता न लिहिलेली पाकिटे पोस्टमनच्या पिशवीत भरावीत, तसा प्रकार. मग वेडीवाकडी अक्षरे ओळखा म्हणे. ती ऐकायची सोय नाही. नातीला हाक मारून तेवढे पार केले. ओटीपी आला, तो ऐकून चौकट शोधेपर्यंत वेळ संपली. असे तीनदा. शेवटी कॅमेरा सुरू झाला आणि हुकूम आला, "डोळे मिचकावा." चौकटीत माझे तोंड आहे की मागचा माड, हे मला कोण सांगणार?

रिक्षा करून तिठ्यावरच्या सेवा केंद्रात गेलो. तिथला मुलगा भला. "काका, ओटीपी सांगा." रांगेत सहा-सात माणसे होती. सांगितला. खात्यातली शिल्लकही त्याने मोठ्याने वाचून दाखवली, माझ्या सोयीसाठीच. घरी पोचतो तर बँकेचा संदेश: ओटीपी कोणालाही सांगू नका!

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, त्याचे नियम २०१७ चे. सेवा आम्हालाही वापरता येतील अशा करायला सेवा देणाऱ्यांना नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. ती कधीच सरली. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि खटला नेमका या केवायसीचाच होता. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, असे आदेश त्यात आहेत.

काम फार मोठे नाही. बटणाला नाव, चित्राला एका ओळीचे वर्णन, चौकटीला लेबल, ओटीपीला जरा जास्त वेळ. पान बनवणाऱ्याने माऊस बाजूला ठेवून नुसती टॅबची कळ दाबत आपलाच अर्ज एकदा भरून पाहावा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, असा जागतिक निकष आहे. तो फक्त आमच्यासाठी नव्हे. भर उन्हात किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढायला उभ्या असलेल्या माणसाला हवामानाचा इशारा फिकट करड्या अक्षरांत दिसत नाही, त्याचे डोळे कितीही चांगले असोत. सरकारी नोटिसा तर कागद स्कॅन करून, म्हणजे नुसते चित्र म्हणून चढवलेल्या. माझ्या लेखी ती कोरी पाने.

आणि संपादकसाहेब, राग मानू नका, तुमच्या ई-पेपरचे पानही चित्रच असते. हे पत्र छापलेत तर ते मला सूनबाईकडून वाचून घ्यावे लागेल.

– एक निवृत्त पोस्टमन, शिरोडा, ता. वेंगुर्ला