अफगाण स्त्रियांना वगळून कसली बोलणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालिबानशी भारताने किती जवळीक करावी, याविषयी बोलताना आपल्याकडे 'मवाळ' आणि 'कडवे' तालिबानी असा भेद हमखास केला जातो. मवाळांशी बोलत राहिलो तर आज ना उद्या मुलींच्या शाळा उघडतील, अशी त्यामागची आशा. मला ती पोकळ वाटते.

तालिबानचा प्रमुख लोक निवडत नाहीत. मूठभर धर्मगुरू त्याला नेमतात आणि मग त्याचा शब्द अखेरचा. २०१६ पासून हे पद हिबतुल्ला अखुंदजादा यांच्याकडे आहे. ते कंदहारमध्ये राहतात, लोकांसमोर क्वचितच येतात आणि काबूलचे मंत्री त्यांची फर्माने राबवतात. मार्च २०२२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने माध्यमिक शाळा उघडण्याचे जाहीर केले होते. मुली वर्गात पोहोचल्याही होत्या. त्याच दिवशी निर्णय फिरला आणि त्या रडत घरी परतल्या. उपपरराष्ट्रमंत्री अब्बास स्तानकझई (हे आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकलेले) यांनी जानेवारी २०२५ मध्ये या बंदीला जाहीरपणे अन्याय म्हटले. त्यानंतर त्यांना देशाबाहेर राहावे लागले. मवाळांची ताकद ती एवढीच!

हा दोष इस्लामच्या माथी मारू नये. पाकिस्तान आणि बांगलादेशात स्त्रिया पंतप्रधान झाल्या, आणि शिक्षणबंदीचा निषेध इस्लामी देशांच्या संघटनेनेही केला आहे. खुद्द अफगाणिस्तानात १९६५ च्या निवडणुकीत स्त्रिया संसदेत पोहोचल्या होत्या. २००४ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहातल्या २४९ पैकी किमान ६८ जागा त्यांना दिल्या. काबूलची नवी संसद तर भारताने बांधून दिली. २०१५ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. आज त्या देशात संसदच उरलेली नाही. महिला मंत्रालयाच्या इमारतीत सदाचाराच्या नावाने स्त्रियांवर पाळत ठेवणारे खाते बसले आहे.

मी स्वतः राखीव जागेवरून पंचायत समितीवर निवडून आले होते. बैठकीत बाई नुसती बसलेली असली, तरी मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहाचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलणे अवघड होते, हे मी पाहिले आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२० चा दोहा करार मला आजही डाचतो. अमेरिकेने तालिबानशी केलेल्या त्या करारात स्त्रियांविषयी एक ओळ नाही. पुढे सप्टेंबरमध्ये अफगाण पक्षांची बोलणी सुरू झाली, तेव्हा सरकारी बाजूच्या २१ जणांत चार स्त्रिया होत्या, तालिबानच्या बाजूला एकही नव्हती.

आपले वागणे तरी कसे होते? ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण खासदार रंगिना कारगर यांना दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले आणि त्यांच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही. परराष्ट्र मंत्रालयाने आपला त्याच्याशी संबंध नसल्याचे सांगितले. मात्र टीकेचा भडिमार होताच दोन दिवसांत दुसरी परिषद झाली आणि तिथे महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या.

सीमेपलीकडचे राजकारण, व्यापार, सुरक्षा यांसाठी काबूलशी बोलावे लागेल, हे मला मान्य आहे. पण जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अखुंदजादा आणि त्यांच्या सरन्यायाधीशांवर स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढले, हेही बोलणाऱ्यांनी विसरू नये. आपल्या प्रत्येक शिष्टमंडळात ज्येष्ठ महिला अधिकारी असाव्यात आणि त्यांनी त्या मंत्र्यांसमोर बसून बोलावे. फौजिया कूफी, हबिबा सराबी यांच्यासारख्या अनुभवी अफगाण नेत्यांना सरकारने सन्मानाने दिल्लीत बोलवावे. आणि पुण्यात जिथे अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले, तिथल्या महाविद्यालयांत येऊ इच्छिणाऱ्या मुलींना व्हिसा आणि शिष्यवृत्ती द्यावी. त्यासाठी कंदहारच्या परवानगीची गरज नाही.

– आपली एक वाचक, सातारा