मूठ सैल सोड

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोन ठेवल्यापासून तुझा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. बाळंतपण औषधांशिवाय व्हावे अशी तुझी इच्छा आहे, बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गांना जाणे तुला जमणार नाही, आणि मग ऐनवेळी तुझे कसे निभावणार, असे तू विचारलेस. मी 'होईल सगळे नीट' एवढेच म्हणाले. ते उत्तर आळसाचे होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या वेळी मी वर्ग तर केला नव्हताच, पण दुसरीही काही तयारी केली नव्हती. आता दुखणार, एवढेच मला ठाऊक होते. मी उताणी पडून पलंगाच्या डोक्याकडची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि कळ ओसरली तरी ती सोडत नव्हते, कारण पुढची येणारच होती. रात्रपाळीच्या एका वयस्क परिचारिकेने माझी बोटे एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "कळ गेली ना? मग हात का अडकवून ठेवलेत?" एका मिनिटाचे दुखणे मी पाचही मिनिटे भोगत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. तुझ्या भावाच्या वेळी एवढी एकच गोष्ट शिकून गेले होते, आणि ते बाळंतपण सोपे नसले तरी माझ्या हातातले वाटले.

या वर्गांचा उगम शोधत गेलीस तरी तू इथेच येऊन पोहोचशील. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी 1930च्या दशकात असे मांडले होते की भीतीने अंग ताठरते, ताठरल्याने वेदना वाढते आणि वाढलेली वेदना पुन्हा भीतीला खतपाणी घालते. फर्नां लामाझ हे फ्रेंच डॉक्टर 1951 साली सोव्हिएत संघात गेले आणि तिथे पाहिलेली श्वासाची पद्धत त्यांनी फ्रान्समध्ये आणली. वर्गात शिकवतात त्यातले पुष्कळसे याच दोन धाग्यांवर विणलेले असते. ते घरी करता येते. अट एवढीच की ते रोज करायला हवे.

रोज रात्री बर्फाचा एक खडा मुठीत घे आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट धरून ठेव. पहिल्या वेळी तुझे खांदे आपोआप वर जातील, दात एकमेकांवर बसतील आणि सेकंदकाटा जागचा हलत नाही असे वाटेल. मग एक मिनिट थांबून दुसऱ्या हातात खडा घे. या वेळी घड्याळ बघू नकोस, फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष दे: नाकाने घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांतून सावकाश, घेतला त्याहून लांब सोडायचा. गारठा तेवढाच असतो, पण तो सोसणारी तू बदललेली असतेस. बर्फाची आणि कळेची बरोबरी नाही, हे मला पक्के माहीत आहे. पण दुखत असताना जबडा, खांदे आणि मुठी सैल ठेवण्याची सवय अंगात आधी मुरलेली असावी लागते, ती त्या खोलीत नव्याने लागत नाही. श्वास मात्र भराभर घेऊ नकोस. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर वेग कमी कर.

आता क्रम समजून घे, कारण अर्धी घाबरगुंडी न समजण्याची असते. दिलेली तारीख हा अंदाज असतो. साधारण वीस बाळांतले एखादेच त्या दिवशी येते. आधी चिकट, रक्ताची छटा असलेला स्राव जाईल, कदाचित अनियमित कळा येतील, आणि पहिलटकरणीला हे एक-दोन दिवसही चालू शकते. या काळात तू झोप, खा, आंघोळ कर, घरातल्या घरात फीर. पहिल्याच कळेपासून वही घेऊन वेळा लिहीत बसलीस, तर खऱ्या कामाच्या वेळी दमलेली असशील. (माझ्या बहिणीने तशी अख्खी वही भरली होती आणि लेबर रूममध्ये तिला डोळे उघडे ठेवता येईनात.) एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत पाच मिनिटे, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि हे तासभर टिकले, तर निघायची वेळ झाली असे सर्वसाधारणपणे मानतात; तुझे डॉक्टर वेगळे काही सांगतील तर त्यांचे ऐक.

मात्र पाणी गेले आणि ते हिरवट किंवा तपकिरी असेल, रक्तस्राव होत असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, डोके जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा ताप असेल, तर कळा मोजत न बसता ताबडतोब निघ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या शिफारशींत गर्भाशयाचे तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा जोराचा टप्पा सुरू झाला असे धरले आहे, आणि तिथून 10 सेंटिमीटरपर्यंतचा प्रवास पहिल्या खेपेस सहसा 12 तासांपलीकडे जात नाही. तासाला एक सेंटिमीटर ही जुनी अपेक्षा सगळ्यांना लागू पडत नाही, असेही त्यांत म्हटले आहे. तेव्हा तपासणीनंतर आकडा फारसा पुढे गेला नाही म्हणून खचू नकोस. उताणी पडून राहू नकोस. उभी राहा, चाल, पुढे वाकून टेबलावर हात टेक, गुडघ्यांवर आणि हातांवर ये, कोमट पाण्याच्या शॉवरखाली बस. दर दोन तासांनी लघवीला जा, कारण भरलेले मूत्राशय बाळाच्या वाटेत येते. ओरडावेसे वाटले तर खुशाल आवाज कर, पण तो खालच्या पट्टीतला, पोटातून येणारा असू दे. चिरक्या किंकाळीने गळा आणि खांदे पुन्हा आवळतात.

त्या वेळी तुझ्यासोबत असणाऱ्या निखिलला नुसते 'धीर दे' असे सांगू नकोस; त्याला काम दे. तळव्याचा मनगटाजवळचा भाग तुझ्या कमरेखालच्या माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर ठेवून कळ असेपर्यंत त्याने घट्ट दाब द्यायचा. कळा कमरेत जास्त जाणवत असतील, तेव्हा या दाबाने फार बरे वाटते. किती जोर लागतो हे आधी ठरवून ठेवा, कारण त्या वेळी तू त्याला 'जास्त' आणि 'नको' यापलीकडे काही सांगू शकणार नाहीस.

सर्वांत अवघड भाग शेवटी येतो, तोंड पूर्ण उघडण्याच्या जरा आधी. अंग थरथरते, कधी उलटी होते, आणि शहाणी बाईसुद्धा 'मला नाही जमणार, मला घरी जाऊ द्या' असे म्हणते. मी म्हटले होते, आणि चप्पल शोधायलाही लागले होते. हे वाक्य तुझ्या तोंडून निघाले, की बहुधा जोर लावण्याची वेळ जवळ आली आहे, हे निखिललाही सांगून ठेव. जोर अंग सांगेल तेव्हा लाव; श्वास कोंडून दहा आकडे मोजण्याची गरज नसते. डोके बाहेर येताना आग झाल्यासारखे वाटते, तेव्हा जोर थांबवून धापा टाकल्यासारखा श्वास घे, म्हणजे कातडी ताणायला वेळ मिळतो. त्या भागाला कोमट ओल्या कापडाचा शेक मिळाला तर मोठी फाट होण्याचा धोका कमी होतो. 34व्या आठवड्यानंतर तिथे हलके मालिश केल्यानेही पहिलटकरणींना टाके लागण्याची शक्यता घटते. तुला चालेल का, ते डॉक्टरांना विचार.

डॉक्टरांशी या गोष्टी पुढच्याच भेटीत बोलून घे: चालू-फिरू देतात का, पाणी आणि हलके खाणे चालते का, बाळाचे ठोके अधूनमधून ऐकतात की पट्टा सतत लावून ठेवतात, बाळाची वाट रुंद करायला सरसकट छेद देतात का, नाळ कापण्यापूर्वी निदान एक मिनिट थांबतात का, आणि बाळ लगेच तुझ्या छातीवर देतात का. उत्तरे टाळली जात असतील, तर डॉक्टर बदलायला अजून वेळ आहे. एक मात्र हट्ट धरू नकोस. बाळ झाल्यावर ऑक्सिटोसिनचे जे इंजेक्शन देतात, ते जास्तीचा रक्तस्राव टाळण्यासाठी असते. 'औषध नको' या शब्दांत तेही नाकारून बसशील, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणि कळा औषधाने सुरू कराव्या लागल्या, त्या सोसवेनाशा झाल्या आणि तू एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ते कळा बधिर करणारे औषध, मागितलेस, किंवा सिझेरियन झाले, तर त्याचा हिशेब मला देऊ नकोस. मी तुला कधी विचारणारही नाही.

तुझा 31वा आठवडा चालू आहे, म्हणजे सरावाला वेळ भरपूर आहे. आजच रात्री बर्फ घेऊन बस आणि पहिल्या वेळी कितव्या सेकंदाला मूठ आवळलीस, ते मला कळव.

तुझी,
आई