आधार केंद्रचालकांसाठी सूचना : सॉफ्टवेअर अपडेट, शनिवारी संध्याकाळी

सर्व ऑपरेटर आणि सुपरवायझर मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी काम आटोपल्यावर, ६ वाजता, तहसील कार्यालयातल्या सेतू केंद्रात नोंदणी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सर्वांच्या लॅपटॉपवर टाकायची आहे. लॅपटॉप, चार्जर, फिंगरप्रिंट आणि आयरिस मशिन घेऊन या. जुनी आवृत्ती सोमवारपासून वापरू नये.

त्याआधी एक काम न चुकता करा : अपलोड न झालेली सगळी पॅकेट (प्रत्येक अर्जदाराच्या नोंदणीच्या माहितीची फाइल) पाठवून टाका. 'पेंडिंग'चा आकडा शून्य दिसेपर्यंत अपडेटला हात लावू नका, फॉरमॅट तर नकोच. पॅकेट लॅपटॉपवरच राहिलं आणि उडालं, तर १४ अंकी नोंदणी क्रमांकाची पावती घेऊन गेलेल्या माणसाचा अर्ज पुढे सरकतच नाही. मजुरी बुडवून आलेल्याला पुन्हा रांगेत उभं करणं बरं नाही.

- इन्स्टॉलर फक्त अधिकृत पोर्टलवरून घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल उघडू नका.
- 'अपडेट करून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही एनीडेस्कचा (दुरून आपला लॅपटॉप चालवू देणाऱ्या अॅपचा) कोड किंवा आपला पासवर्ड देऊ नका.
- विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्यांचे लॅपटॉप अजून त्यावर आहेत, त्यांनी आधी कळवा.

पडताळणीचं अॅपही त्याच दिवशी अपडेट करू. आधारवरचा क्यूआर स्कॅन करूनच खात्री करा. त्यात आधार देणाऱ्या प्राधिकरणाची (यूआयडीएआय) डिजिटल सही असते, त्यामुळे कार्डावरचं नाव खोडून बदललं तरी स्कॅनमध्ये मूळ नावच येतं.

येणं जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत गटात लिहा.