गवयासाठी जागा करायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात कोल्हापुरात, राजारामपुरीत आलो होतो. तुमच्या सीडीच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलला काच बसवून देतात. पायरी मात्र तीच आहे, कोपरा उडालेली. तिथं पाच मिनिटं उभा राहिलो आणि लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. चार लोकांसमोर मानायचे होते, म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. वहिनी तुम्हाला वाचून दाखवतील.

२००३ चा उन्हाळा. आमच्या बँडचा गायक भांडून निघून गेला होता आणि आम्ही तिघं उरलो होतो. तीन महिने गायक शोधत होतो. येईल त्याला जुन्या गायकाचीच गाणी, त्याच पट्टीत, त्याच आवेशात म्हणायला लावायचो. तुम्ही पाठवलेला इचलकरंजीचा मुलगाही येऊन गेला होता, भजनी मंडळात गाणारा. दहा मिनिटं ऐकून आम्ही त्याला ‘कळवतो’ म्हणालो, आणि कळवलं नाही.

मग मी ‘गायक पाहिजे’ असा कागद तुमच्या काचेवर चिकटवायला घेऊन आलो. तुम्ही तो वाचला, घडी घातली आणि गल्ल्याखाली ठेवून दिला. म्हणालात, “गायक पाहिजे, का गेलेला परत पाहिजे? बस की जरा.” आणि मुंबईच्या पार्सलमधून आलेली ती सीडी काढलीत. कव्हरवर ज्योतीच्या आकाराचं भलंमोठं शिल्प आणि त्याच्या पायथ्याशी एवढासा माणूस. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडची कव्हर करणाऱ्या स्टॉर्म थॉरगर्सनचं हे काम, हे तुम्हीच सांगितलंत. सीडी नेहमीसारखी दोन बोटांत कडेनं धरलीत, रुमालानं मधून बाहेर सरळ पुसलीत, गोल नाही, आणि प्लेअरचा ट्रे आत ढकललात.

ऑडिओस्लेव्ह या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम. नाव बँडचंच.

सुरुवातीला लांबून हेलिकॉप्टर यावं तसा आवाज. मला वाटलं, मशीनवर केलंय. तुम्ही न बोलता पुस्तिका पुढं सरकवलीत. त्यात छापलं होतं, की सगळे आवाज गिटार, बेस, ड्रम आणि गळा यांतूनच काढलेले आहेत. त्यांचा गिटारवाला टॉम मोरेलो तारांवर पेन्सिल आपटून, तो आवाज डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं यंत्र, लावून घुमवतो, हे मला फार नंतर कळलं. कळलं त्याच रात्री मी नटराजची पेन्सिल घेऊन बसलो होतो.

मग गाणं सुरू झालं, आणि माणसं सगळी ओळखीची निघाली. मोरेलो, टिम कॉमरफर्ड आणि ब्रॅड विल्क हे तिघं रेज अगेन्स्ट द मशीनचे, लॉस एंजेलिसचे. आमची निम्मी गाणी त्यांचीच होती. आवाज ख्रिस कॉर्नेलचा, सिएटलच्या साउंडगार्डनचा. पण हे रेजसारखं वाजत नव्हतं आणि साउंडगार्डनसारखंही नव्हतं. मी तोंड वाकडं केलं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते आजही शब्दन्‌शब्द आठवतं.

“रेजचा आधीचा गडी पोवाडा म्हणायचा. शब्द ठेक्यावर आपटायचा. हा गवई हाय, सूर लांबवतोय. पोवाड्याला आणि ख्यालाला एकच ठेका कसा चालंल? बघ, हा गायला लागला की गिटारवाला मागं सरतोय. जागा करून दिलीया त्याला.”

काका, संगीतावरची बरीच पुस्तकं पुढं वाचली. या अल्बमबद्दल इतकं नेमकं कुठं सापडलं नाही.

त्यांचीही गोष्ट आमच्यासारखीच होती. ऑक्टोबर २००० मध्ये गायक झॅक दे ला रोचा रेज सोडून गेला. उरलेल्या तिघांनी एकत्र राहायचं ठरवलं, पण गाणार कोण? निर्माता रिक रुबिननं सुचवलं, कॉर्नेलबरोबर वाजवून बघा. साउंडगार्डन १९९७ मध्येच मोडला होता. रुबिननं या तिघांना साउंडगार्डनचं एक जुनं गाणं ऐकवलं आणि गडी पटला. एकत्र बसल्यावर १९ दिवसांत २१ गाणी झाली. तरी सगळं सुरळीत नव्हतं. दोन बँडची माणसं म्हणजे दोन मॅनेजर, दोन कंपन्या. मार्च २००२ मध्ये कॉर्नेल सोडून गेला आणि ठरलेला दौरा बारगळला. त्यानंतर अर्धीकच्ची गाणी इंटरनेटवर फुटली. शेवटी दोन्हीकडचे मॅनेजर बदलून चौघं पुन्हा एकत्र आले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये अल्बम बाहेर पडला. अमेरिकेच्या अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्याच आठवड्यात सातवा. पुढं तिथं त्याच्या तीस लाखांवर प्रती गेल्या.

त्या काळच्या समीक्षकांनी फार काही डोक्यावर घेतला नव्हता. जुन्या दोन बँडची बेरीज करून बघायची आणि ती भरत नाही म्हणून नाराज व्हायचं, असं बऱ्याच जणांनी केलं. मीही तुमच्या दुकानात पहिली दहा मिनिटं तेच केलं होतं. ६५ मिनिटांत चौदा गाणी आहेत, त्यातली शेवटची दोन-तीन कमी केली असती तर अल्बम अधिक घट्ट झाला असता, हे माझं मत आजही आहे. पण पाचवं गाणं ऐका. ड्रम आणि बेस जवळजवळ चालत्या माणसाच्या पावलासारखे आणि त्यावर कॉर्नेल हळू आवाजात गातोय. रेजच्या तालमीत नऊ वर्षं घडलेली माणसं इतकी शांत वाजवतात! मधे मोरेलोचा सोलो येतो तोही गायल्यासारखा, पेडलनं सूर वर खेचत नेलेला. स्वतःचं कसब न दाखवता वाजवायला किती ताकद लागते, ते मला त्या गाण्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी इचलकरंजीला गेलो. पत्ता तुम्हीच वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला होता. घराला लागूनच यंत्रमाग. खटखट एवढी की त्याची आई काय बोलतेय ते ओठांवरून ओळखावं लागत होतं. आणि हा मागावर उभा राहून गात होता. त्या आवाजाच्या वरून त्याचा सूर स्पष्ट ऐकू येत होता. तेव्हा कळलं हा गळा कुठं तयार झालाय. मी माफी मागितली. तो म्हणाला, “चहा घे आधी.”

आम्ही सगळी गाणी नव्यानं बांधली. पट्टी उतरवली, लय कमी केली. सगळ्यात अवघड गेलं ते त्याच्या कडव्यांमागची माझी गिटार काढून टाकणं. निम्मी काढली. ड्रमवाल्याचं आणि माझं त्यावरून दोनदा वाजलं. दोन्ही वेळा तुम्ही वर माळ्यावर आलात, भिंतीला टेकून ऐकलंत, “अजून जागा कर” म्हणालात आणि खाली गेलात.

तो माळा! रात्री साडेनऊला शटर पडलं की किल्ली आमच्याकडं. दोन वर्षं एक रुपया भाडं घेतलं नाहीत. शेजारचे तक्रार घेऊन आले की तुम्ही त्यांना आमची नाही, तुमची गाऱ्हाणी सांगत बसायचात, अकरा वाजेपर्यंत, आणि आमची तालीम पुरी व्हायची. सीडीचे साडेचारशेही मला एकदम झेपणारे नव्हते. तुमच्या लाल वहीत माझ्या नावाचं पान होतं, ५० रुपयांच्या नऊ ओळी. नवव्या ओळीसमोर तुम्ही ‘जमा’ लिहिलंत आणि खाली एक पट्टी, ‘काळी पाच’ (पेटीवरची पाचवी काळी), लिहून ठेवलीत. त्या मुलाची पट्टी. ते पान तुम्ही फाडून मला दिलंत, आणि ते अजून सीडीच्या डबीत आहे.

आमचं पुढं फार मोठं काही झालं नाही. स्वतःची पाच गाणी रेकॉर्ड केली, शंभर सीड्या काढल्या, त्यातल्या साठ तुमच्या गल्ल्यावरून गेल्या. २००७ मध्ये नोकऱ्या लागल्या आणि बँड थांबला. त्याच वर्षी ऑडिओस्लेव्हही संपला होता. त्याआधी मे २००५ मध्ये ते हवानाला उघड्यावर वाजवून आले, क्यूबात असं करणारा पहिला अमेरिकन रॉक बँड. त्याची चित्रफीत आपण माळ्यावर चौघं-पाचजण दाटीवाटीनं बसून पाहिली होती, आठवतं?

१८ मे २०१७ ला कॉर्नेल गेल्याची बातमी आली. डेट्रॉइटला कार्यक्रम करून हॉटेलवर परतला आणि रात्रीत गेला. बावन्न वर्षांचा होता. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन आधी तुम्हाला फोन लावला. तुम्ही एवढंच म्हणालात, “गळा गेला रं.” मग आपण दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. त्या दिवशीच तुमचे आभार मानायला हवे होते. आवाज फुटला नाही.

काका, गिटार मला दुसऱ्यांनी शिकवली. ऐकायला तुम्ही शिकवलंत. समोरचा गायला लागला की आपण किती वाजवायचं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी आजही जोरात वाजवणारा एक गिटारवाला असतो. मनापासून आभार.

आपला इचलकरंजीकर कार्तिकीला मंडळाबरोबर पंढरपूरला जातो, अजून काळी पाचमध्येच गातो. दिवाळीत आम्ही दोघं तुमच्याकडं येतोय. माझा सीडी प्लेअर चालू आहे, तो घेऊन येतो. पुसायला रुमाल तुमचा लागेल.

तुमचा,
माळ्यावरचा गिटारवाला