मीठबंदरच्या मावशी, त्या एका पानासाठी थँक्यू

मावशी,

तुम्हाला वाचता येत नाही हे तुम्हीच सांगितलं होतं, पण तुमचा नातू दिवसभर मोबाईलवरच असतो ना, तो वाचून दाखवेल. नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि खरं सांगू का, मला तुमचं पूर्ण नाव अजून माहीत पण नाही, आपण मावशी आणि बाय एवढ्यावरच भागवतो.

तुम्हाला तो दिवस आठवत पण नसेल. गुड फ्रायडेची सकाळ होती, आदल्या दिवशी हनुमान जयंती झालेली, आपल्या ठाण्याच्या कोपरीत मांडवाचे बांबू अजून रस्त्यात पडलेले. घरी सगळे चर्चला जायच्या तयारीत, सासूबाई पांढरी साडी काढून बसलेल्या, आणि मी दूध आणते म्हणून निघाले ती मीठबंदर रोडने सरळ खाली खाडीपर्यंत आले. हातात रिकामी पिशवी. मला चर्चला जायचंच नव्हतं एवढंच कळत होतं, बाकी कुठे जायचं ते काही ठरलं नव्हतं.

माझा नवरा जानेवारीत गेला. किडनी. दोन वर्षं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, दिवसाला लिटरभर पाणी तेही स्टीलच्या ग्लासाने मोजून, आणि मीठ जवळजवळ बंद. त्याने अळणी खायचं आणि आम्ही समोर बसून लोणचं चाटायचं हे मला जमेना, मग सगळं घरच अळणी जेवायला लागलं. तो गेल्यावर सुद्धा माझा हात मिठाच्या डब्याकडे जाईना, पोरगी ताट सरकवून उठायची तरी नाही.

आणि ह्या सगळ्यात आमची स्वतःची माणसं काय म्हणाली ते आता सांगतेच, तेव्हा गिळलं होतं. एका प्रार्थनागटात आम्ही वर्षानुवर्षं जायचो. तिथल्या एका ताई दहाव्या दिवशी घरी येऊन सोफ्यावर बसून म्हणाल्या, उपास धरला असता तर देवाने ऐकलं असतं. दुसऱ्या भाऊंनी तर डोळे मिटून विचारलं, घरात काही लपवलेलं पाप आहे का, कबूल करा, मोकळं वाटेल. माझ्या हातात त्यांच्याच चहाचा ट्रे होता. त्या दिवसापासून मी बायबल उघडलं नाही, प्रार्थना म्हणजे फक्त ओठ हलायचे.

तर अशी मी गणेश घाटाच्या पुढे कठड्यावर बसलेले, खाली ओहोटी, तुम्ही तिला सुकती म्हणता. सगळा चिखल उघडा, प्लास्टिकच्या पिशव्या तिवरांना, म्हणजे खाडीतल्या त्या खारफुटीच्या झाडांना लटकलेल्या, वास तर विचारू नका. फोटोवाले सगळे ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो बघायला जातात, 2015 पासून तिकडे अभयारण्यच झालंय, आपल्या ह्या टोकाला कोण येतंय. तुम्ही गुडघाभर चिखलातून पाटी घेऊन वर आलात, पाटीत चिंबोऱ्या आणि थोड्या निवट्या, चिखलातले ते लहान मासे, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "काय गो बाय, रातभर झोपली नाय?" मी काहीच बोलले नाही. तुम्ही पण परत विचारलं नाहीत, शेजारी बसलात. खूप वेळ.

मग तुम्ही जे केलंत ते मी रोज आठवते. तुमच्याकडे प्यायच्या पाण्याची एकच बाटली होती, अर्धी. तुम्ही ती उघडलीत आणि हातावरचा चिखल त्या पाण्याने धुतलात, बोटांच्या मधला पण, नखांतला पण, सावकाश, सगळी बाटली संपेपर्यंत. खाडी समोर असताना प्यायचं पाणी का ओतताय, मला कळेना. दोन वर्षं मी पाणी ग्लासाने मोजलेलं, मला ते बघवेना. हात धुऊन झाल्यावर तुम्ही वाकून तिवराचं एक पान खुडलंत, देठाला धरून, मधे बोट न लावता, आणि माझ्यापुढे धरलंत. "चाट. मरत नाय." पानावर बारीक पांढरे कण होते. मी चाटलं. खारट! चांगलं खारट, पोह्यांवर भुरभुरावं तसं. "झाड खाऱ्यात उभं ऱ्हातं ना," तुम्ही म्हणालात, "मग खारं भायेर टाकतं. न्हायतर मेलं असतं." एवढंच. पाटी उचललीत आणि बाजाराकडे निघालात.

मी तिथेच बसून मोठ्याने रडले. एक कुत्रा उठून लांब गेला.

नंतर वाचलं तर कळलं, तिवराची मुळं बरंचसं मीठ आत येऊच देत नाहीत, जे येतं ते पानातल्या ग्रंथी बाहेर टाकतात. म्हणजे जे काम माझ्या नवऱ्याच्या किडनीला जमेना ते हे झाड चिखलात उभं राहून रोज करतंय, कुठे मशीन नाही, नंबर लावणं नाही. आधी मला ह्याचा राग आला मावशी. झाडाला दिलंस आणि त्याला नाही? असं देवाला सरळ विचारलं. आणि मग लक्षात आलं की अडीच महिन्यांत पहिल्यांदा मी देवाशी बोलले होते, भांडले का असेना.

घरी येऊन ईयोब काढला. तुम्हाला सांगते, हा आमच्या शास्त्रातला एक भला माणूस, त्याची मुलं जातात, गुरंढोरं जातात, अंगभर फोड येतात. मित्र येतात, सात दिवस गप्प त्याच्याजवळ बसतात, तेवढंच काय ते बरं करतात. तोंड उघडलं की सुरू, तुझंच काहीतरी चुकलं असेल. आमच्या सोफ्यावरचीच मंडळी! ईयोब त्यांना सुनावतो की जनावरांना विचारा, पाखरांना विचारा, समुद्रातले मासे सांगतील तुम्हाला. शेवटी देव बोलतो, पण का झालं ते एका शब्दाने सांगत नाही. तो समुद्र दाखवतो, त्याला कुठवर यायचं ते ठरवून दिलंय म्हणतो, कावळ्याला खायला कोण घालतं विचारतो, ससाणा दाखवतो, रानगाढव दाखवतो. लहानपणी संडेस्कूलमध्ये मला वाटायचं, हे काय उत्तर झालं? प्रश्न काय नि हा दाखवतोय काय. आता वाटतं, दुखात असलेल्या माणसाला स्पष्टीकरण देऊन उपयोग नसतो, त्याला हाताला धरून बाहेर आणावं लागतं. आणि हो, देव त्या मित्रांवर चिडतो, ईयोबावर नाही, हे आमच्या भाऊंना कोणीतरी कळवा.

तेव्हापासून मी रोज येते. अर्धा तास, आधी एक वचन वाचायचं मग बघत बसायचं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, खाली हवा नाही म्हणून वर येऊन श्वास घेतात, माझी प्रार्थना पण आता तशीच आहे, मोठी नसते, श्वासापुरती. निवटी पाण्याबाहेर येऊन परांवर चालते, अंग ओलं आहे तोवर तिला बाहेर पण जगता येतं. मासा आणि चालतो, देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं! आणि तुम्ही शिकवलेला हिशोब, तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं की भरतीची वेळ. तुम्ही विचारलंत ना, तुमचा तो ईस्टर दरवर्षी तारीख का बदलतो? अहो तो पण चंद्रावरच, मार्चच्या एकवीस तारखेला किंवा त्यानंतर येणारी पहिली पुनव आणि तिच्या पुढचा रविवार. तुम्ही हसलात, म्हणालात म्हंजे उधानाचाच सण. ईस्टरची इतकी प्रवचनं ऐकली, हे कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही एकवीरा आईला जाता, मी येशूला मानते, आपण कधी एकमेकींना काही पटवायला गेलो नाही. तुम्हाला देव, श्रद्धा असलं काही सांगायचंच नव्हतं, तुम्हाला एक रडवेली बाई दिसली आणि तिच्यासाठी हात स्वच्छ करावेसे वाटले. अशी माणसं आहेत हो. डायलिसिसच्या वॉर्डमधली झाडूवाली होती, त्याच्या पायावर चादर नीट करून जायची, तिचं ते काम नव्हतं. एक रिक्षावाला होता, पाऊस असला की स्टेशनबाहेर थांबून राहायचा. ह्यांच्यातलं कोणी मला वचन ऐकवलं नाही.

चर्चला परत जायला लागलेय, गट मात्र सोडला. सासूबाईंना एकदा घाटावर आणलं, त्यांनी पण पान चाटलं आणि पोरीला म्हणाल्या, आजपासून ह्या घरात मीठ.

उद्या अष्टमी आहे, भांगाची, म्हणजे लहान भरतीची; तुमच्या हिशोबाने सहाला भरती, सकाळी तुम्ही काही दिसायच्या नाहीत, बाराच्या सुमारालाच चिखलात उतराल. हाफ डे टाकलाय. चार मोठ्या चिंबोऱ्या बाजूला ठेवा, कालवण करणार आहे. आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन येते, एक प्यायची, एक हाताला.

तुमची,
कोपरीची बाय