सीबी पॉइंटच्या एका धड्याबद्दल मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात ताडदेवच्या आपल्या गल्लीत आपण माझ्या पद्मिनीसाठी, म्हणजे जुन्या फियाटसाठी, तीन तास खर्च केले आणि निघताना चहाखेरीज काहीही घेतले नाही. समोर आभार मानू गेलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मुंबईत जुनी फियाट सांभाळणाऱ्या इतरांच्याही ते नजरेस पडले, तर त्यांचे चार पैसे वाचतील, हाही एक हेतू आहेच.

गाडी वडिलांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची. तक्रारी दोन होत्या. ईस्टर्न फ्रीवेवर वेग वाढला की इंजिन मिसिंग करायचे, म्हणजे मध्येच ठेका चुकायचे, आणि केम्प्स कॉर्नरकडून मलबार हिलचा चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला की आतून टकटक नॉकिंग ऐकू यायचे. एका गॅरेजने प्लग आणि कॉइल बदलली, दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून साफ केला, दोघांनी बिले दिली आणि दोष होता तिथेच राहिला. त्यांना तरी काय बोल लावणार? टायमिंग लाइटवर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, नीट लावून घेतल्यानंतर एका रविवारी मी फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज घेऊन सीबी पॉइंटचा, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, गॅप स्वतःच ‘सुधारला’ होता, ही गोष्ट मी दोघांपासूनही लपवली होती.

आपण डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची, टोपी काढली, चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “टायमिंगनंतर पॉइंटला हात कोणी लावला?” त्या क्षणी मी शाळकरी मुलासारखे खाली पाहिले, हे आपल्या लक्षात असेलच.

मग आपण काट्याचा जुना ड्वेल मीटर जोडला आणि काटा 47 वर थांबला. चार सिलिंडरच्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटरच्या एका फेरीत चार ठिणग्या पडतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 90 अंश येतात. त्यांपैकी जितके अंश पॉइंट मिटलेले असतात तितका ड्वेल, आणि तेवढ्याच वेळात कॉइलला भरून घ्यायचे असते, हे आपण वहीच्या पाठीमागे वर्तुळ काढून समजावले. इंजिन 3000 फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात, एकीसाठी जेमतेम 10 मिलिसेकंद मिळतात, आणि 47 अंशांवर त्यांतली सव्वापाचच कॉइलच्या पदरात पडतात. फ्रीवेवरच्या मिसिंगचे कारण असे कागदावर उतरल्यावर मला कॉइलच्या बिलाची आठवण होऊन वाईट वाटले.

पण माझा गेज तर गॅप बरोबर दाखवत होता! यावर आपण जुना पॉइंट काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूला टाचणीच्या डोक्याहून लहान उंचवटा आला होता आणि समोरच्या बाजूला तेवढाच खड्डा पडला होता. गेजची सपाट पाती त्या उंचवट्यावर टेकते, खड्ड्यातली पोकळी तिला कळत नाही, त्यामुळे खरा गॅप दिसतो त्याहून मोठा असतो. असे धातूचे स्थलांतर होऊ लागले की पॉइंटवरची ठिणगी शमवणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्यावा, म्हणून आपण पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे घालायला सांगितले. पॉलिश पेपरने पॉइंट घासायची माझी सवयही आपण तिथेच मोडली. त्याचे कण धातूत रुततात आणि पॉइंट आणखी जळतो.

नॉकिंगचा उलगडा त्याहून सुरेख होता. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, ठिणगी लवकर पडते, आणि ड्वेलचा एक अंश हलला की टायमिंगही इंजिनच्या क्रँकशाफ्टवर साधारण एक अंश सरकते. मी गॅप वाढवून ड्वेल खाली आणला आणि त्याबरोबर नीट लावलेले टायमिंग नकळत पुढे ढकलले. ड्वेलने टायमिंग हलते, टायमिंग फिरवल्याने ड्वेल हलत नाही. म्हणून आधी ड्वेल आणि मगच टायमिंग, हा क्रम आपण माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

त्यानंतर आपण स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला, आणि खरे आभार त्यासाठी आहेत. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून गल्लीतल्या दोन मुलांनी ती इंच इंच ढकलली, पॉइंटची टाच त्याला उघडणाऱ्या कॅमच्या उंचवट्यावर आली, मी तेल पुसलेली पाती सरकवून गॅप लावला आणि स्क्रू आवळला. आपण म्हणालात, “आता परत बघ.” आवळताना गॅप बदलला होता! तीन वेळा तसेच झाले. आपण एकदाही माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला नाही, घाई केली नाही, फक्त तिसऱ्या वेळी बिडी पेटवली. शेवटी मीटरवर काटा 57 वर आला. मला तो 60 वर हवा होता, पण नव्या पॉइंटची टाच झिजून बसते तसा गॅप कमी होऊन ड्वेल आपोआप वाढतो, म्हणून आपण तो तिथेच राहू दिला, कॅमला ग्रीसचे बोट लावले आणि इंजिनचा वेग वाढवून काटा फारसा नाचत नाही, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टला आधार देणारे बुश शाबूत आहे, याचीही खात्री करून घेतली. टायमिंग आपण बल्ब जोडून लावले. पॉइंट उघडताच तो पेटला, तेव्हा ढकलणाऱ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून आपल्याकडे पॉइंट लावायला येणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, असे आपण चहा घेताना सहज बोलून गेलात. गेल्या रविवारी मी मलबार हिलचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढलो आणि आतून काही वाजले नाही. महिनाभराने ड्वेल पुन्हा तपासायला आपणच सांगितले आहे. त्या दिवशी येताना आपल्या गेजची एक पाती, जी घाईत माझ्या डिकीतल्या हत्यारांत राहिली, तीही परत आणतो.

आपला कृतज्ञ,
गिरगावातला फियाटवाला