फ्लॅशमधले मराठी धडे कपाटात मरू देऊ नका

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. आता तिचीच मुलगी पहिलीत आहे. चहा घेता घेता तिने विचारले, "गुरुजी, माझ्या आवाजातला तो धडा आहे का हो अजून? पोरीला ऐकवायचा होता." सीडी कपाटात जपून ठेवलेली होती. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसते, म्हणून ती शेजाऱ्यांकडून आणली. फाइल उघडली तर समोर नुसता राखाडी चौकोन आणि 'हे प्लगइन चालत नाही' अशा अर्थाची एक ओळ. ती "असू द्या गुरुजी" म्हणून गेली, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या ज्या शाळेत मी निवृत्तीपर्यंत शिकवले, तिथे पहिलीत येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरात कन्नड बोलतात. 'पाणी' म्हटले की मूल गप्प बसायचे, 'नीरू' म्हटले की तांब्याकडे हात जायचा. त्यांच्यासाठी मी 2009 पासून फ्लॅशमध्ये, म्हणजे हलती चित्रे आणि आवाज जोडणाऱ्या अडोबी कंपनीच्या प्रोग्राममध्ये, छोटे छोटे धडे बनवले. ज्वारीच्या कणसाच्या चित्रावर टिचकी मारली की आधी 'जोळ' ऐकू यायचे, मग 'ज्वारी'. आवाज चौथीतल्या मुलामुलींचे, वर्गाची दारे-खिडक्या लावून रेकॉर्ड केलेले. विकतच्या कुठल्याही सीडीत हे नव्हते, कारण आमच्या गावची पहिली कशी बोलते हे बाहेरच्या कुणाला ठाऊक असणार? असे धडे करणारा मी एकटा नव्हतो. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, लोकवर्गणीतून शाळाशाळांत संगणक आणि प्रोजेक्टर बसले, आणि केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) बैठकांना शिक्षक एकमेकांचे धडे पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ लागले.

हे धडे क्रोम, फायरफॉक्स अशा ब्राउझरमध्ये फ्लॅशच्या प्लगइनवर चालायचे, आणि ब्राउझर कंपन्यांनी ते प्लगइन बंद केले. हे पत्र त्यांच्या तक्रारीसाठी नाही. त्यांनी केले ते योग्यच होते. प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या घरात राहणारा पण घराचे नियम न पाळणारा वेगळा प्रोग्राम. त्याच्यातल्या एखाद्या भोकातून शिरलेला चोर थेट संगणकापर्यंत पोचायचा, आणि फ्लॅशमध्ये अशी भोके वर्षानुवर्षे सापडत राहिली. मोबाइलवर तर ते टिकलेच नाही. आयफोनने ते कधीच घेतले नाही, अँड्रॉइडसाठी अडोबीने 2012 मध्ये थांबवले. हलती चित्रे आणि आवाज ब्राउझर स्वतःच दाखवू लागल्यावर मधल्या माणसाची गरज उरली नाही. क्रोमने 2015 मध्ये जुनी प्लगइन पद्धत काढून टाकली, फायरफॉक्सने 2017 मध्ये फ्लॅश वगळून बाकीची प्लगइन बंद केली. त्याच वर्षी जुलैमध्ये अडोबीने जाहीर केले की 2020 संपताच फ्लॅशही संपेल.

म्हणजे साडेतीन वर्षे हातात होती. पण ही सूचना सोलापूरच्या एखाद्या वर्गखोलीपर्यंत कोण पोचवणार होते? माझ्या शाळेत तरी एकही परिपत्रक आले नाही. डिसेंबर 2020 च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे जगभर कौतुक झाले, तेव्हा आम्ही सगळ्या शिक्षकांनी पेढे वाटले. त्याच महिन्याच्या 31 तारखेला फ्लॅशचा आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून अडोबीनेच ते चालणे रोखले. आमचे धडे गेले, हे त्या वेळी कुणाच्या लक्षातही आले नाही. प्राथमिक शाळा तेव्हा कोरोनामुळे बंद होत्या.

ते परत आणता येतात, हे मला त्या झोप न लागलेल्या रात्रीनंतर कळले. रफल नावाचा मोफत, खुला प्रोग्राम आहे. तो जुन्या फ्लॅश फाइली स्वतः वाचून दाखवतो, अडोबीचे काहीही बसवावे लागत नाही. ब्राउझरमध्ये चालतो तेव्हा ब्राउझरच्या नियमांतच राहतो. जुने डिजिटल साहित्य जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने 2020 पासून जुने फ्लॅश खेळ आणि चित्रफिती याच्याच आधारे जपल्या आहेत. माझ्या चौदा फाइलींपैकी अकरा जशाच्या तशा चालल्या. जुन्या मराठी फॉन्टमधली अक्षरेसुद्धा नीट दिसली, कारण फॉन्ट फाइलीतच बांधलेला होता. उरलेल्या तीन दुरुस्त करायला मूळ एफएलए फाइली, म्हणजे ज्यांत बदल करता येतो त्या कच्च्या फाइली, हव्यात. त्या शाळेच्या ज्या संगणकात होत्या, तो भंगारात गेला.

यासाठीच लिहितो आहे. प्रत्येक केंद्रप्रमुखांनी आपल्या शाळांतून अशा सीडी, पेनड्राइव्ह आणि जुन्या हार्डडिस्क मागवाव्यात. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने त्या एका ठिकाणी उतरवून घ्याव्यात, बनवणाऱ्या शिक्षकाचे आणि शाळेचे नाव लिहून ठेवावे, आणि जे रफलवर चालतात ते शाळांना परत द्यावेत. मूळ फाइल असेल तर तोच धडा आजच्या ब्राउझरसाठी नव्याने काढून घेता येतो, म्हणून ज्या शिक्षकांकडे एफएलए फाइली असतील त्यांनी त्या आधी शोधाव्यात. एक कळकळीची विनंती आणखी. 'फ्लॅश चालू करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरून काही उतरवू नका, त्यातून व्हायरस येतो. धड्यांसाठी जुना ब्राउझर ठेवलेला संगणक इंटरनेटला जोडू नका.

मे महिन्याच्या सुट्टीत वर्गखोल्या रंगवायला काढतात, कपाटे रिकामी होतात आणि जुने सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते. हे आवाहन आपल्या अंकात त्याआधी छापावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
जुळे सोलापूर